अर्धा उखाणा

“अवो बाई, जरा टेका की हितं. बोलत ऱ्हायलं तर जीभ तरी वली ऱ्हाईल.”

इतकी वर्षं झाली, पण तो आवाज अजून तसाच आठवतो. बाजारात हाका मारून रुंद झालेला आणि तरी कडेकडेनं मऊ. दुपारची भेटीची वेळ होती. बायकांच्या वॉर्डात प्रत्येक खाटेभोवती माणसांचा घोळका. कुणी डबा उघडतंय, कुणी मोसंबं सोलतंय, कुणाचं तान्हं खाटेवर चढतंय. खिडकीकडच्या एका खाटेपाशी मात्र कुणीच नव्हतं. तिथूनच ही हाक आली.

मी तिच्याकडेच चालले होते. मालन चौगुले, वय पन्नाशीच्या आसपास, तासगावपलीकडच्या एका खेड्यातली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावरचा पदर झोपतानाही न ढळणारा.

मेंदूला इजा होऊन ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलायला शिकवणं, हे माझं काम. पण त्या वर्षी डॉक्टर सेठनांनी मला त्यांच्या संशोधनात घेतलं होतं. काही माणसांच्या मेंदूत जन्मापासूनच रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो. धमन्या आणि शिरा एकमेकींत अशा अडकतात की कुठली कुठून आली ते कळू नये. डॉक्टर त्याला घरटं म्हणायचे. ते घरटं कधी फुटेल याचा नेम नाही. मालनबाईंचं एकदा फुटलं होतं. भर बाजारात त्या कोसळल्या आणि शुद्धीवर आल्या ते मिरजेच्या दवाखान्यात. तिथून भाच्यानं त्यांना मुंबईला आणलं, दाखल केलं आणि उसाची तोड सुरू झाली म्हणून तो परत गेला.

मी स्टूल ओढून बसले. “काकू, उद्याचं समजावून सांगायला आलेय.”

“सांगा की. पर आधी सांगा, माझ्या डोक्यात म्हणं घरटं हाय?”

“हो.”

“आन् पाखरू?”

मला हसू आलं. त्याही हसल्या, पण डोळे माझ्यावरच होते.

मी सांगत गेले. जांघेतून एक बारीक नळी घालतात, ती मेंदूपर्यंत नेतात. घरट्याकडे जाणाऱ्या फांदीत डिंकासारखं औषध सोडून ती फांदी बंद करतात. पण तुमचं घरटं डावीकडे आहे, बोलण्याच्या जागेला अगदी खेटून. एखादी फांदी घरट्याला रक्त देते की तुमच्या बोलण्याला, हे नुसतं चित्र बघून कळत नाही. म्हणून आधी त्या फांदीत थोडं झोपेचं औषध सोडायचं. पाच-सात मिनिटं तेवढाच भाग झोपतो. त्या वेळात मी तुमच्याशी बोलत राहणार. तुमचं बोलणं चालू राहिलं तर ती फांदी बिनधोक, डॉक्टर ती बंद करणार. बोलणं अडखळलं तर हात लावायचा नाही.

“म्हंजे मी जागी असणार.”

“पूर्ण जागी.”

“आन् चुकून बोलण्याचीच फांदी बंद झाली तर?”

“म्हणून तर ही परीक्षा, काकू.”

त्यांनी चादरीची घडी अंगठ्यानं पुन्हा पुन्हा दाबली. “हे बगा बाई. जरा जरी शंका आली ना, तर नका बंद करू. डोस्कं फुटायचं तर फुटू दे. पर वाचा ऱ्हाऊ दे.”

“असं का म्हणता? जिवापेक्षा...”

“वाचा गेल्यावर त्या जिवाला भेटायला कोण येणार हाय?” त्या शांतपणे म्हणाल्या. “आमच्या पट्ट्यात कुठली बी पोर लग्नाला उभी ऱ्हायली की उखाणा घ्यायला माझ्याकडं येती. नवऱ्याचं नाव सांगती, त्याचा धंदा सांगती, आन् मी तिला नाव बांधून देते. लग्नसराईत माझ्या उंबऱ्यावर चपला मावत न्हाईत. एरवी कोण येतंय? कोंबड्या येत्यात.”

इतक्यात नर्स रोझलीन थर्मामीटर घेऊन आली. तिचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, मिलिंद नावाच्या मुलाशी. दोन्ही घरांत त्यावरून चार महिने धुसफुस चालली होती आणि सगळ्या वॉर्डाला ते ठाऊक होतं.

“काकू, माझं झालं का तयार?” तिनं विचारलं.

“तुझं तर सकाळीच झालंय. ऐक,” मालनकाकू म्हणाल्या आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सुरू केलं:

“सलाइनच्या नळीतून थेंब थेंब गळतं,
मिलिंदरावांचं नाव घेता काळजातलं कळतं.”

शेजारच्या खाटांवरच्या बायका खिदळल्या. एकीचा नवरा मोसंबं सोलता सोलता म्हणाला, “वा!” रोझलीन लाजली आणि थर्मामीटर काकूंच्या तोंडात देऊन पळाली. काकूंचं तोंड बंद झालं तसा वॉर्ड एकदम रिकामा वाटला. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की या बाईची वाचा म्हणजे काय वस्तू आहे.

थर्मामीटर निघाल्यावर मी प्रश्नांची तालीम घेतली. स्वतःचं नाव, गावाचं नाव, वारांची नावं, चित्रं दाखवून वस्तूंची नावं. सगळं तडातडा. मग एक प्रश्न आला. प्रश्नावली परदेशात बनलेली, कुणी तरी इथं बसून ती मराठीत उतरवलेली. प्रश्न होता, ‘पतीचे किंवा पत्नीचे नाव सांगा.’

काकूंनी चादरीची घडी पुन्हा अंगठ्याखाली धरली.

मी मनातल्या मनात प्रश्नावली करणाऱ्याला दोन शिव्या दिल्या. माझ्या आईनं हयातीत वडिलांचं नाव साधं घेतलं नव्हतं. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं, म्हणायची. पण प्रश्न गाळायची सोय नव्हती. प्रत्येक रुग्णाला तेच प्रश्न, त्याच क्रमानं, नाहीतर संशोधनाला अर्थ नाही, हे सेठनांचं रोजचं वाक्य.

“काकू, उखाण्यात घ्या. चालेल मला,” मी म्हणाले. “तुमच्याइतकं ते कुणाला सोपं असणार?”

“बघू उद्या,” त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

“काका भेटायला येतील ना उद्या? मुंबईतच असतात म्हणून तुमचा भाचा सांगत होता.”

“गिरणी बंद पडली. आता कुठं तरी राखणदार हायत. सुट्टी गावत न्हाई.”

बाहेर आले तर रोझलीन दारापाशीच होती. ती हळूच म्हणाली, “येत नाही हो तो. दाखल झाल्यापासून एकदाही नाही. टाकलीय तिला, दुसरं काय?”

माझा हात आपोआप गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे गेला. दादरला मी ज्या बाईंकडे खोली घेऊन राहत होते, त्या एकट्या मुलीला जागा देत नसत. नवऱ्याची भोपाळला बदली झालीय असं मी त्यांना सांगितलं होतं. खरं तर तो मला माहेरी सोडून गेला होता, ‘आठ दिवसांनी न्यायला येतो’ म्हणून. त्यालाही आता बराच काळ लोटला होता. रात्रीच्या जेवणाला बाईंच्या टेबलावर बसून मी भोपाळच्या हवेबद्दल बोलायची. त्या खाटेशी माझं काही नातं आहे असं मला वाटू लागलं ते तिथून.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अँजिओग्राफीच्या खोलीत मी शिशाचा जड अंगरखा घालून काकूंच्या डोक्याशी उभी होते. खोली थंडगार. काकूंवर हिरव्या चादरी, फक्त चेहरा उघडा. माझ्या हाताशी टेपरेकॉर्डर चालू होता. प्रत्येक परीक्षेचा आवाज जपून ठेवायचा असे. सेठना पायाच्या बाजूला, डोळे पडद्यावर. मुंबईतल्या पारशी घरात वाढलेला माणूस, मराठी गुजराती मिसळलेलं, मोडकंतोडकं पण माया लावणारं.

“मालनबाई, थंडी वाजते?”

“वाजती. पर तुमी हायसा की उबेला.”

सेठना हसले. “आ बाई मला आवडली,” ते मला म्हणाले.

मग पडद्यावर रंगाचं औषध पसरलं आणि झाड उमटलं. काळं, पानं झडलेलं झाड. खोड गळ्यातून वर येत होतं, फांद्या डोकंभर पसरत होत्या आणि एका बाजूला तो गुंता, वाऱ्यानं काड्या काड्या करून अडकवल्यासारखा. काकूंनी मान न हलवता डोळे तिरके केले.

“हेच व्हय माझं?”

“हो.”

“देखणं हाय की.”

सेठनांनी नळी एका बारीक फांदीत नेली. “उज्ज्वला, ही फांदी. ही बंद झाली तर अर्ध्याहून जास्त काम होते. औषध देतो. सुरू कर.”

मी प्रश्न सुरू केले.

“तुमचं नाव?”

“मालन.”

“वार सांगा.”

सोमवारपासून रविवारपर्यंत धारेसारखे आले. कुलूप, घागर, छत्री, करवत, चित्रांची नावं न चुकता. माझ्या छातीवरचा शिशाचा भार हलका व्हायला लागला. मग तो प्रश्न आला. पुढे काय होणार याची मला धास्ती नव्हती. उलट मी जरा उत्सुकच होते.

“आता नाव घ्या, काकू. उखाण्यात.”

त्यांनी पडद्याकडे बघितलं. ओठ ओले केले आणि म्हणाल्या,

“डोक्यामंदी झाड उगवलं, फांदीवर घरटं झुलतं...”

आणि थांबल्या.

पुढची ओळ नावानंच सुरू व्हायला हवी होती. ओठ किंचित उघडे होते. टेप फिरत होती. मी वाट बघितली.

“पुढं, काकू?”

काही नाही.

“थांबली?” सेठनांचा आवाज बदलला. “बोलणं थांबलं?”

“नाही डॉक्टर. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रिवाज आहे.”

“पण तूच सांगितलं, अशा कवितेत घेतात. अर्धी कविता बोलली ना? मग पुढची कुठे गेली?”

मी वाकून काकूंच्या डोळ्यांत बघितलं. ते डोळे झोपेचे नव्हते, घाबरलेलेही नव्हते. ते मला काही सांगत होते, किंवा काही सांगायचं नाही म्हणत होते. आणि मला वाटलं, मला समजलं. ज्यानं टाकलं त्याचं नाव कसं यावं ओठांवर? पण ही माझी कल्पना होती. फांदी खरोखरच बोलण्याची असली आणि माझ्या कल्पनेवर ती बंद झाली, तर काकूंच्या उंबऱ्यावर पुन्हा कधी चपला दिसणार नव्हत्या. आणि बंद न करता नळी मागे घेतली, तर ते घरटं पुन्हा बाजारात, शेतात, विहिरीच्या काठावर कुठंही फुटणार होतं.

“मला पुरावा पाहिजे, उज्ज्वला, रिवाज नको,” सेठना म्हणाले. “औषध उतरत चाललंय. परत देता येईल, पण प्रत्येक वेळी धोका आहे. नाही तर मी नळी घेऊन बाहेर येतो.”

“थांबा. जरा थांबा.”

प्रश्नावली माझ्या हातात होती. ती मी बाजूला ठेवली.

“काकू,” मी म्हणाले, “तुमचं राहू द्या. मला एक द्या. मला कुणी उखाणा बांधून दिलाच नाही कधी.”

त्यांचे डोळे हलले. माझ्या चेहऱ्यावरून गळ्यातल्या मण्यांपर्यंत आले.

“देते की,” त्या म्हणाल्या. “पर तुमच्या मालकांचं नाव तर सांगा आधी. काय करत्यात, कुठं असत्यात, काय बी ठावं न्हाई मला. असा हवेत उखाणा बांधला तर तो दुसऱ्याच्याच घरात जाऊन पडंल की वो.”

सेठना मोठ्यानं हसले. “बस! एवढं लांब वाक्य तर मला पण येत नाही. फांदी मोकळी आहे. मी बंद करतो.”

पडद्यावर डिंकाचं औषध पुढे सरकलं आणि त्या फांदीत पांढरं होऊन थिजलं. काकू माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी प्रश्न विचारला होता आणि उत्तराची वाट बघत होत्या. मला ते नाव येत होतं. चार अक्षरांचं साधं नाव. पण माझे ओठ उघडले आणि तसेच राहिले.

टेप फिरत होती.

*

काकूंना घरी सोडायचा दिवस आला. पुढच्या खेपेला, तीन महिन्यांनी, उरलेल्या फांद्या बघू असं सेठनांनी सांगितलं होतं. दुपारी भाचा यायचा होता. मी त्यांचं बोलणं शेवटचं तपासायला गेले. वॉर्डाच्या टोकाला एक गॅलरी होती, तिथे उन्हात बसून त्या केस विंचरत होत्या. समोर बंद गिरण्यांची धुराडी उभी होती.

“या, बसा,” त्या म्हणाल्या. “तुमचा उखाणा ऱ्हायलाय माझ्याकडं. नाव न्हाई सांगितलंत.”

गॅलरीत आम्ही दोघीच होतो. उद्यापासून ही बाई मला दिसणार नव्हती. म्हणून असेल, किंवा माझ्याशी इतकं कुणी बरेच दिवसांत बोललं नव्हतं म्हणून असेल, मी सगळं सांगून टाकलं. नाव, गाव, आठ दिवसांत न्यायला येतो म्हणून गेलेला तो, भोपाळची खोटी हवा, मणी.

त्यांनी मधे एकदाही ‘अगं बाई’ केलं नाही. फणीतले केस काढून त्यांची गुंडाळी करत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मणी काढू नगं इतक्यात. म्हातारी खोली काढून घेईल.”

मी रडत होते ती हसले.

“तुमचंही तसंच ना, काकू?” मी विचारलं. “म्हणून परवा नाव नाही घेतलंत.”

फणी थांबली.

“न्हाई गं पोरी,” त्या म्हणाल्या. ‘बाई’ गेलं होतं, ‘अहो’ गेलं होतं. “मला कुणी टाकलं न्हाई. लई जीव होता त्यांचा माझ्यावर. मूलबाळ न्हाई झालं तर दुसरी कर म्हणून त्यांच्या आईनं धोशा लावला, तवा म्हणाले, एक हाय तीच निस्तरंना मला.”

“मग?”

“मग काय. एका दिवाळीला मी हिकडं आले, त्या धुराड्यांच्या अंगाला, त्यांच्या खोलीवर. दहा-बारा गडी एका खोलीत. पाळीपाळीनं निजायचं. बघते तर हे तापानं फणफणलेले. गड्यांनी उचलून दवाखान्यात न्हेलं. मी येताना एकटीच आले खोलीवर.”

खाली रस्त्यावर कुणी तरी भंगार घेत हिंडत होतं. त्याची आरोळी जवळ आली, लांब गेली. काकूंनी ती जाऊ दिली.

“गडी चांगले होते. सातारचे, कोकणातले. रडले बिचारे, च्या करून दिला. सगळं त्यांनीच केलं. पर सगळे बापय. बाई एक बी न्हाई. बांगड्या फोडायला बाई लागती गं, कुंकू पुसायला बाई लागती. ते कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. माझ्या बी न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला यष्टीत बसवलं, ती मी तशीच गेले. कपाळ भरलेलं, हात भरलेले.”

“आणि गावात?”

“गावात यष्टीतनं उतरले तर शेजारची पोर धावत आली. लगीन ठरलेलं तिचं. म्हणाली, मामी, कवाची वाट बघतीया, मला नाव बांधून दे. आन् म्हणाली, मामा बरं हायत न्हवं?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तिच्या हळदीत मी कसं सांगू? म्हटलं, बरं हायत. एकदा बोलले. मग रोजच बोलाय लागलं. पांढरं कपाळ घेऊन बसले असते तर एक पोर चढली नसती माझा उंबरा. शकुनाचं नाव कोण घेतंय अशा बाईच्या तोंडचं?”

“कुणी शोधायला नाही आलं काकांना?”

“माणसाला हुडकायला बी माणूस लागतं. दीर न्हाई, सासू तर त्यांच्या आधीच गेली. भाच्याला मी जे सांगीन तेच म्हाईत.”

“पण काकू,” मला राहवेना, “मग परवा नाव घ्यायला काय हरकत होती? जो हयात नाही त्याचं नाव घेतलं तर...”

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “जित्या माणसाचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं. मेलेल्याचं काय घटतंय? त्याचं खुशाल घ्यावं. तोंडात आलं होतं बघ माझ्या. त्या औषधानं की कशानं, अगदी दातापत्तूर आलं. पर भाईर पडलं असतं तर माझ्याच कानाला कळलं असतं, की आता हे घ्यायला हरकत न्हाई.”

त्यांनी फणी पदरात ठेवली. भाचा वॉर्डाच्या दारात येऊन ‘मावशी, मावशी’ करत शोधत होता. त्यांनी त्याला हात केला नाही. धुराड्यांकडे तोंड केलं, गळा साफ केला, आणि मी तपासायला आलेल्या त्या स्वच्छ, न अडखळणाऱ्या आवाजात म्हणाल्या,

“गणपत दादू चौगुले. माझे मालक. ह्याच मुंबईत वारले.”